आमसुलीच्या पाठीवरून

ताई,

लोक भेटायला येतात, चहा घेतात आणि तुझ्याबद्दल बोलतात. परवा गोळपहून एक बाई आल्या होत्या. म्हणाल्या, “किती शांत होत्या हो तुमच्या ताई.” मी मान डोलावली. ह्याच बाईंची गाय अडली होती, तेव्हा कोपरापर्यंत हात आत घालून वासरू ओढता ओढता तू त्यांच्या नवऱ्याला ज्या शिव्या दिल्या होत्यास, त्या मी माझ्या कानांनी ऐकल्या होत्या. पण आता तू गेलीस, म्हणजे तू शांत झालीस. मेलेल्या माणसाचा स्वभाव लोक धुऊन, इस्त्री करून परत देतात. मला तो ओळखूच येत नाही.

म्हणून तुझ्याशीच बोलते. तू हसलीस तरी चालेल.

गुरांची डॉक्टर म्हणून सगळी नोकरी घाटावर काढलीस आणि निवृत्त झाल्यावर पावसला आपल्या बागेत येऊन राहिलीस, तेव्हा आम्हाला वाटलं होतं, आता ही कलमं बघेल, पोथी वाचेल. तू घोडी आणलीस. गुहागरच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फेऱ्या मारून आणणाऱ्या घोडेवाल्याकडून. तो तिला राणी म्हणायचा. राणीने लग्नाआधीचे फोटो काढायला आलेल्या एका नवऱ्यामुलाला फेट्यासकट लाटांत नेऊन टाकलं होतं. घोडेवाला तुला म्हणाला, “बाई, ही नाही वागायची कुणाशी.” तू म्हणालीस, “मी तरी कुठे वागले?” तिचा काळपट तांबडा रंग बघून तू तिचं नाव आमसुली ठेवलंस. तिच्या जोडीला एक म्हातारा, पोट सुटलेला पांढरा घोडाही त्याने गळ्यात मारला. त्याला आपण पंत म्हणायला लागलो.

पंतावर बसणं म्हणजे खाटेवर बसणं. म्हणून मी बसायला तयार झाले. रविवारी रत्नागिरीहून तुझ्याकडे यायचं, तू मला पंतावर चढवायचीस आणि बागेतून दोन चकरा मारायच्या, एवढंच माझं घोड्यावर बसणं. मी शाळेत मुलींना शिवण शिकवणारी बाई. मला रस्ता ओलांडताना कुणाचा तरी हात लागतो, हे तुला लहानपणापासून माहीत होतं. तरी त्या वर्षी संक्रांत झाल्यावर तू म्हणालीस, “सुमे, आज सड्यावर जाऊ. गणेशगुळ्याच्या पुढे वाळूची एक पुळण आहे, तिला रस्ताच नाही. तुला दाखवायचीय.”

मी नको म्हटलं. तू खोगीर आवळत होतीस. तुला नको हा शब्द कधी ऐकू यायचाच नाही.

ती सकाळ मला अजून पुरी आठवते. कलमांना मोहोर होता आणि सड्याच्या उघड्या पठारावरचं गवत वाळून सोन्यासारखं झालं होतं. कातळावर पंताच्या टापा टक् टक् वाजत होत्या. तू पुढे. आमसुली चालत नव्हतीच, नाचत होती. मान झटकायची, आडवी व्हायची, वाऱ्याने एखादं वाळकं पान उडालं तरी दोन पाय वर. आणि तू तिच्यावर अशी बसलेली, जशी मी शिवणयंत्रापुढे बसते. मला तेव्हा तुझा हेवा वाटला, ताई. तुला सांगितलं नव्हतं. साठी उलटलेली माझी बहीण घोडीवर बसून समोरच्या समुद्राकडे बघत होती, आणि मला तिचा हेवा आणि ती माझी कुणी आहे ह्याचा अभिमान एकदमच वाटत होता.

जुन्या चिरेखाणीजवळ तू थांबून मला दाखवलंस, “इथून जपून.” घर मावेल एवढा चौकोनी खड्डा, तळाशी हिरवं पाणी. पंताने तिकडे बघितलंसुद्धा नाही. मग चिऱ्यांच्या पायऱ्यांची ती जुनी पाखाडी उतरून आपण खाली आलो, आणि खरंच, ती पुळण तुझ्याएकटीची असल्यासारखी मोकळी होती. तू आमसुलीला सोडलंस. ती धावली तेव्हा तिच्या मागे वाळूचा फवारा उडत होता आणि तू ओरडत होतीस. शब्द नव्हते, नुसतं ओरडणं. पंतसुद्धा चार पावलं धावला. मी त्याची आयाळ दोन्ही हातांनी धरली होती आणि हसत होते.

तेवढ्यावर परत फिरलो असतो तर. पण ओहोटी होती आणि पलीकडच्या टोकाला खडपातून, म्हणजे त्या काळ्या खडकांमधून, पुढच्या पुळणीवर जाता येतं असं तुझं म्हणणं. मी म्हटलं, “घसरेल गो.” तू म्हणालीस, “पंत कधी घसरत नाही.”

पंत घसरला. शेवाळावरून त्याचा पाय गेला आणि मी डबक्यात पडले. मला काही लागलं नाही. तू आमसुलीवरून उडी मारून त्याचा लगाम धरायला धावलीस. इतका गरीब प्राणी, पण भ्याला आणि गर्रकन वळला. त्याच्या धक्क्याने तू दोन खडकांमध्ये पडलीस. पायाचा आवाज मी ऐकला. वाळकी काटकी मोडावी तसा. पंत शेपटी वर करून जो पळाला, तो दिसेनासा झाला. आणि जिचा भरवसा कुणालाच नव्हता ती आमसुली तुझ्याजवळ उभी राहिली. फुरफुरत होती, थरथरत होती, पण उभी होती.

तू अंगाने भक्कम, मी काटकुळी. तुला काखेत धरून मी ओढायला गेले आणि तू पांढरीफटक पडलीस. पुन्हा ओढलं. एका खडकाच्या आडोशाला कशीबशी टेकवलं, त्यापुढे मला तू हलेनास. फोन काढला तर त्यावर रेंजची एकही रेघ नाही. मी रडायला लागले. तू माझ्या थोबाडीत मारल्यासारखी बोललीस.

“रडायचं नंतर. ही कालवं बघतेस?” तुझ्या डोक्याच्या वर खडकाला कालवं चिकटलेली होती. “पाणी इथवर येतं. भरती लागलीय.”

“मी पळत जाते.”

“तू पळत सडा चढेस्तोवर मी माशांना पोचेन. आमसुलीवर बस. घरी नको जाऊस, घरी कुणी नाही. खाणीपाशी उजवीकडे वळ, पलीकडे बंदरावर उतर. इब्राहिमचाचा असतील, त्यांना होडी घेऊन यायला सांग.”

“ताई, ती मला मारील.”

“मारील तर मारील. बस.”

मग तू एका दमात सगळं सांगितलंस. पाय घट्ट, हात सैल. दोन्ही लगाम एकदम ओढू नकोस, ती भांडेल आणि जास्त पळेल. वळवायची तर एकच बाजू ओढ, हळू ओढ, पण सोडू नकोस. खडकावर चढून मी तिच्यावर बसले. तुझ्या लांब पायांच्या मापाच्या रिकिबी, माझे पाय त्यांना पोचतच नव्हते. ते मी तुला सांगणार होते. पण आमसुली निघाली होती.

त्या पाखाडीच्या पायऱ्या ती कशी चढली ते मला माहीत नाही. मी डोळे मिटले होते. वर सड्यावर आल्यावर वारा तोंडावर आला आणि ती सुटली. ताई, तू आयुष्यभर ज्याला मजा म्हणत होतीस ते हे असेल तर मला त्यातलं काही कळलं नाही. माझे दात एकमेकांवर आपटत होते. पदर कुठे गेला पत्ता नाही. खाली जमीन होती असं वाटत नव्हतं, नुसता पिवळा पट्टा सरकत होता. मी तिच्या मानेला मिठी मारली होती आणि तिला विनवत होते, “बाई गं, बाई गं.” असं कुणापुढे मी कधी हात जोडले नव्हते. देवापुढेसुद्धा नाही.

ती घराकडे चालली होती. तिला तबेला ठाऊक, वाट ठाऊक. समोर खाण आली. डावीकडे पावस, उजवीकडे बंदर आणि मधे तो चौकोनी खड्डा, आणि ती सरळ त्याच्यावर चाललेली. मला आठवतं ते एवढंच की माझा उजवा हात मागे गेला आणि मागेच राहिला. तिची मान वळली. तिचा एक डोळा मला दिसला, पांढरा झालेला. खाणीच्या काठावरचे सुटे दगड आत पडल्याचा आवाज आला. मग आम्ही उतारावर होतो आणि खाली नारळांतून होड्या दिसत होत्या.

इब्राहिमचाचा समुद्रावरून नुकतेच आले होते, बांगडे टोपलीत काढत होते. आमसुली थेट वाळूपर्यंत आली आणि थांबली. मी उतरले नाही, गळून पडले. “ताई, खडप, भरती,” एवढंच रडत रडत सांगितलं. चाचा म्हणाले, “बाय, रडू नको. डॉक्टरीण कुठल्या खडपात हाय, तेवढा सांग.” मी हात केला. त्यांनी टोपली तशीच टाकली, दोघांना हाका मारल्या आणि होडी पाण्यात लोटली. मागे कावळ्यांनी बांगडे उचलले. कुणाचं तिकडे लक्षही नव्हतं.

होडी टोकाआड गेल्यावर मला करण्यासारखं काही उरलं नाही. मी पाणी बघत होते. ते वाढत होतं. लाट येत होती आणि मागच्या लाटेहून थोडी वर पोचत होती. मी घोडी धरून उभी होते. घोडीने मला धरलं होतं, असंही म्हणता येईल.

होडी परत आली तेव्हा तू दिसलीच नाहीस. चाचा उभे, त्यांची माणसं उभी, आणि तू नाहीस. मग होडीच्या तळातून तुझं डोकं वर निघालं आणि तुझा आवाज आला.

“घोडी कुठाय?”

“ताई, मी इथे आहे गो!”

“तू दिसतेयस. घोडी कुठाय?” आणि तुला उचलून काढताना तिला बघितल्यावर, पाय असा लोंबकळत असताना, “खोगीर काढ तिचं, घामाने भिजलीय.”

पाणी तुझ्या छातीपर्यंत आलं होतं, असं चाचा म्हणाले. आणि डॉक्टरीण समुद्राला शिव्या देत होती, असंही. ते त्यांनी अख्ख्या बंदराला सांगितलं आणि सगळे हसले. मीही.

त्यानंतरचं आपलं भांडण तुझ्याबरोबरच जायचं होतं का? तू काठी टेकत चालायला लागल्यापासून जो येईल त्याला सांगायचीस, “सुमीने घोडी वळवली.” मी म्हणायचे, “मी कुठली वळवते? मी नुसती चिकटले होते. तिला खाण दिसली, ती वळली.”

“खाण दिसून वळली असती तर घराकडे वळली असती. बंदराकडे का वळली?”

“तिला माशांचा वास आला असेल.”

“घोडी काय मांजर आहे?”

दर हिवाळ्यात तू विचारायचीस, यंदा येतेस का? तुझा मोडलेला पाय आखूड झाला होता, पण तू पुन्हा बसायला लागली होतीस. मी दरवेळी नाही म्हणायचे. भीती खरी होती, पण तेवढंच नव्हतं. माझ्या साध्या आयुष्यात एकदाच काहीतरी घडलं होतं. पुन्हा बसले आणि पडले, तर ते पहिलंही खोटं ठरेल असं वाटायचं. हे मला तुला समजावता आलं नसतं. आजही नीट येत नाही. एवढं मात्र आहे, की त्या दिवसापासून कुठे पाय लटपटले तर मला त्या घोडीच्या ओल्या मानेचा वास येतो आणि मी पुढे जाते. ते तू मला दिलंस. तू तर फक्त जीव वाचवायला पाठवलं होतंस.

आता ह्या श्रावणातलं. मला ते सांगायचं नाही, पण तुला रागवायचं तर आहे. गावभर तू ओरडत फिरायचीस, गोठ्यात बूट घाला रे, पायाला जखम असेल तर चिखलात जाऊ नका, लेप्टो होईल. आणि स्वतः अनवाणी तबेल्यात. ताप आला तो अंगावर काढलास. मला फोनवर “थोडी कणकण आहे” म्हणालीस. मी पावसला आले तेव्हा तुझे डोळे पिवळे होते. रत्नागिरीच्या डॉक्टरांना तूच म्हणालीस, “लेप्टोची टेस्ट करा.” तुझं निदान बरोबर होतं. तुझं निदान नेहमी बरोबर असायचं. त्याचा उपयोग काय झाला, ते सांग.

मूत्रपिंडं बंद पडायला लागली तेव्हा त्यांनी कोल्हापूरला न्यायला सांगितलं. आंबा घाटात दरड आली होती. पुढे गाड्यांची रांग, मागे रांग, आणि धुकं असं की समोरच्या ट्रकचे लाल दिवेही दिसेनात. रुग्णवाहिकेचा चालक खाली उतरून पुढे पळत गेला, लोकांना हात जोडले, परत आला. “ताई, मशीन आलीय, माती काढतायत,” म्हणाला. माती काढत होते. मी तुझा हात धरून बसले होते. त्या दिवशी खडपात तू मला सांगितलं होतंस, जा. ह्या वेळी जायला कुठे काही नव्हतं. कुणाला गाठायचं नव्हतं, काही वळवायचं नव्हतं. बसायचं आणि मागच्या काचेवरचं पाणी बघायचं.

तू मधेच डोळे उघडलेस. “सुमे, पाणी कुठवर आलं?”

मला आधी कळलं नाही. मग कळलं.

“ओसरतंय, ताई,” मी म्हटलं. “ओसरतंय.”

“बरं,” म्हणालीस. माझ्याशी तू शेवटचं बोललीस ते एवढंच. कोल्हापूरला पोचलो तेव्हा तू कुणाचंच ऐकत नव्हतीस. काचेपलीकडे तू आणि अलीकडे मी. तिथल्या सिस्टर चांगल्या होत्या. सगळेच चांगले होते. चांगल्या माणसांनी भरलेल्या त्या जागेत तू गेलीस आणि मला कुणावर ओरडताही आलं नाही.

इब्राहिमचाचा परवा पावसला आले होते. आता त्यांना दिसत नाही फारसं. नातसुनेचा हात धरून आले. बसल्यावर तिला बाहेर पाठवलं आणि म्हणाले, “बाय, तिनं माझ्याकडून शपथ घेतली होती. पन आता सांगतो. ती शिव्या नव्हती देत.”

“मग?”

“रडत होती. आमी होडीत घेतली तरी रडत होती. ‘मी सुमीला कशाला पाठवली, घोडी मारील तिला, सुमीला बघा आधी,’ असा बोलत होती. टोकाच्या अलीकडं आलो तवा पान्यानं तोंड धुतलान आनि मला म्हणाली, चाचा, कोनाला सांगाल तर बघा.”

मी चाचांना चहा दिला. त्यांना रिक्षापर्यंत पोचवलं. मग तुझ्या तबेल्यात जाऊन बसले.

म्हणजे तुला वाटलं होतं, मी मरेन. मला बघितल्यावर तुला काय झालं असेल, आणि तू विचारलंस, घोडी कुठाय. इतकी वर्षं “सुमीने वळवली, सुमीने वळवली” म्हणत राहिलीस. तू मला ते पटवत होतीस की स्वतःला? एकदा नीट विचारायला हवं होतं. मी माशांच्या वासाचे विनोद करत राहिले, तूही मांजराचे. ताई, आपण दोघी काय मूर्ख होतो गो.

पंत मागच्या वर्षीच म्हातारपणाने गेला. आमसुली आहे. गुहागरचा तो घोडेवाला येऊन गेला, तिला परत न्यायला. मी नको म्हटलं. विलास मला म्हणाला, “अगं, आपण हिचं करणार काय?” नवरा म्हणून बरोबरच बोलला. मी सकाळची एसटी पकडून पावसला जाते, तिला चारा टाकते, पाणी भरते. बूट घालते, काळजी करू नकोस. ती मला चावते. परवा दंडाला चावली. खरारा करायला गेले तर लाथ झाडते. तुझी जुनी साडी मी तिथे दोरीवर टाकलीय, ती हुंगते आणि मग दाराकडे बघत राहते. मी तिला काय सांगू? जनावराला सांगायचं कसं, ते तू मला शिकवलं नाहीस.

काल तुझ्या हाताखाली काम केलेले गुरांचे एक डॉक्टर तिला तपासून गेले. तिचे पाय चाचपून म्हणाले, “उभी राहून राहून सुजायला लागलेत. नुसतं दोरीने फिरवून भागणार नाही. कुणीतरी बसून सड्यावर न्यायला हवी.” आणि माझ्याकडे बघितलं. त्यांना कुणी सांगितलं असेल ते मला माहीत आहे. तू सगळ्या तालुक्याला सांगून ठेवलंयस.

मी म्हटलं, मला येत नाही.

आज आल्या आल्या मी खुंटीवरून खोगीर उतरवलं. ते इतकं जड असतं हे मला माहीत नव्हतं. तिच्यापर्यंत नेलं, तिने कान मागे टाकले, मी परत आणून ठेवलं. पुन्हा उचललं. पुन्हा ठेवलं. सकाळपासून हेच चाललंय. पट्टा आधी कुठला आवळायचा ते मला आठवत नाही, ताई. तू असतीस तर आतापर्यंत बागेच्या त्या टोकापासून ओरडली असतीस.

ओरड ना गो.